पिवळी गिटार आणि मिरजेचे काका

रविवार, रात्री

आज विश्रामबागला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत गिटारवाले जमलो होतो. वाजवणं कमी, दाखवणं जास्त. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड बघतात तसं चाललेलं. कुणी नेकवरून, म्हणजे गिटारीच्या मानेवरून, हात फिरवतंय, कुणी उलटी करून स्प्रिंगा मोजतंय. मालक मात्र भलतीकडं बघत उभा, कान इकडंच.

सगळ्यांचा डोळा मित्राच्या आयबानेझ आरजी ५५० या इलेक्ट्रिक गिटारवर. मॉडेल १९८७ चं, याच्याकडची २०१८ पासून पुन्हा काढलेल्यांपैकी, जपानी बनावटीची. मित्र हळदीच्या पेढीवरचा आणि गिटार भडक पिवळी, त्यामुळे व्हायचे ते विनोद झाले. नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, १७ मिलिमीटर. नुसता आकडा ऐकून काही कळत नाही. हातात घेतली की कळतं, अंगठा मागं टेकवला तरी पुरतो, आवळावं लागत नाही. बॉडी आत खोल कापलेली, म्हणून चोविसाव्या फ्रेटलाही बोट सहज पोचतं. तिथं वाजवण्यासारखं मला काही येत नाही, तरी जाऊन आलो.

डॉक्टरांच्या जॅक्सन गिटारला अ‍ॅक्टिव्ह पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे, पण बॅटरीवर चालणारे. त्यांना ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल खोचून ठेवली की ती उतरते. उतरलेलीच होती. रविवारचं दुकानही बंद.

मग कॉलेजच्या पोरानं ब्रिजला लावलेल्या, सूर खालीवर करायच्या दांडीकडं बोट करून विचारलं, "दादा, बार दाबून बघू?" मित्र म्हणाला, "दाब की." दाबला, सोडला, आणि तटकन बारीक तार गेली. पोरगं पांढरंफटक. त्याचा दोष नाही, या ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा अडकतात त्या भागाची, जातच तशी. पुढून सहा तारांचा ओढा, मागून स्प्रिंगांचा, आणि मधे ब्रिज दोन खुंट्यांवर धारेवर तोललेला. एक तार गेली की स्प्रिंगा जिंकतात, उरलेल्या पाचही चढ्या बोलायला लागतात. मग अ‍ॅलन की शोधा, नेकच्या टोकाला तारा आवळून धरणाऱ्या नटाचे स्क्रू सोडा, नव्या तारेचा मणी पक्कडीनं तोडा, ब्रिजमध्ये आवळा, एक सुरात आणेपर्यंत दुसरी उतरलेली. फ्लॉइड रोझ या गिटारवाल्यानं सत्तरच्या दशकात ही युक्ती काढली ती बार कितीही हाणला तरी सूर ढळू नये म्हणून. ढळत नाहीच, तार शाबूत असेपर्यंत! मला आपला स्थिर ब्रिज बरा. भडंगाची परात रिकामी झाली तरी आमचं ट्यूनिंग चालूच.

डॉक्टरांबरोबर मिरजेचे एक काका आले होते, घरात तंबोऱ्याचं काम. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल सगळ्यांनी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "अभिनंदनं भरपूर येतात हो, ऑर्डरी येऊ द्यात." तार बसल्यावर आठव्या फ्रेटला झणझण यायला लागली. मित्र वैतागला. काका पुढं सरकले.

"ही तुम्हाला नको?"

"नको ना, काका."

"आम्ही ती यावी म्हणून घोडी घासत बसतो."

तंबोऱ्याची जवारी म्हणजे तेच की. घोडीच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या ब्रिजच्या, माथ्याला इतका हलका उतार द्यायचा की तार सुटताना तिला चाटत जावी. इथं तीच खोड. काकांनी गिटार डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली, नखानं एक फ्रेट टोकरला. "नववा पडदा उठलाय. गुरुवारी दुकानात आणा, बसवून देतो. ते मागचं स्प्रिंगाचं लचांड मात्र तुमचं तुम्ही बघा."

पोरगं लगेच म्हणालं, माझीपण आणू का?