तुम्ही विचारलंत म्हणून: तो फासा परत का टाकू दिला नाही

भाऊबीज आली की ओवाळून झाल्यावर ताई हमखास विचारते. मेव्हणे विचारतात. बायको तर पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना विचारते. "एवढंसं पोर ते. एकदा परत टाकू दिला असतास फासा, तर काय बिघडलं असतं?" पोर म्हणजे माझा भाचा. सहा वर्षं मी "नियम म्हणजे नियम" म्हणून उठून जातोय. ते उत्तर नाही, हे मलाही कळतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

खेळ कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको: प्रत्येकाचा एक गडी, गोष्ट मी सांगायची, गड्यानं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं आणि जमलं की नाही ते फाशानं. चार रात्री तुम्ही सगळे त्या किल्ल्याभोवती पाय जपून टाकत होतात. फक्त एक. तुमच्यातल्या काहींना अजून वाटतं की मी परदेशातलं खूळ आणून दिवाळीच्या किल्ल्यावर बसवलं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच खेळ काढला, तोही टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळता खेळताच. आपण मातीचा डोंगर करतो, त्यावर मावळे मांडतो आणि मग नुसते बघत बसतो. मला लहानपणापासून वाटायचं, हे मावळे कुठेतरी निघायला हवेत. एवढंच माझं खूळ.

२०१९ ला अंगणात आपला साताऱ्याचा अजिंक्यतारा केला होता. वेढा १६९९ च्या डिसेंबरातला. औरंगजेबाची छावणी आपल्या करंजे गावाच्या बाजूला पडली होती, म्हणून ती तुळशीवृंदावनाजवळ मांडली. भाचा दहा वर्षांचा. त्याचा गडी खंडू, बुरजावरचा पहारेकरी. राजवाड्याजवळच्या गाड्यावरून आणलेला प्लॅस्टरचा मावळा, माझ्या बोटाएवढा. पगडी मी रंगवली, मिशी त्यानं. मिशीचा रंग उजव्या गालावर ओघळला, तो त्यानं नखानं पुसला, तर गालावर करडा डाग राहिला. मग त्यानंच ठरवलं की खंडूला तोफेच्या दारूनं भाजलंय आणि तेव्हापासून तो तोफेच्या उजव्या अंगाला उभा राहत नाही. खरंच राहिला नाही. तीन रात्री प्रत्येक वेळी त्यानं खंडूला डावीकडेच उभा केला.

चौथ्या रात्री मोगलांचा सुरुंग. १३ एप्रिल १७०० चा. आमच्या खेळात तो मंगळाईच्या बुरजाखाली होता आणि खंडू बुरजावर. भाचा घाबरला नाही. म्हणाला, "प्रयागजी प्रभूपण गाडले गेले होते ना मामा? आणि जिवंत निघाले."

मीच सांगितलं होतं त्याला. किल्लेदार प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले, ही खरी हकिगत आहे. म्हटलं, "निघाले. टाक वीसचा फासा. सहा किंवा वर आला की खंडू बाहेर."

वीस बाजूंचा फासा, विसातले पंधरा आकडे त्याच्या बाजूचे. फासा पाटावरून घरंगळला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी, अळीव उगवलं होतं तिथे टेकून थांबला. वर चार.

आमच्याकडे फासा कशाला टेकला तर त्याच्या डोक्यावर दुसरा फासा ठेवून बघतात. राहिला तर आकडा धरायचा, पडला तर परत टाकायचा. मी साधा सहाचा लाल फासा घेतला आणि वर ठेवला. हात काढला. सगळे वाकून बघत होते. अळिवाचं एक ओलं पान खालच्या फाशाला चिकटलं होतं. लाल फासा राहिला.

भाचा म्हणाला, "प्रयागजींना कुणी फासा टाकायला लावला होता?"

मी म्हणालो, "गेला खंडू." हेच दोन शब्द. पुढे मागे काही नाही.

तो रडला नाही, हे ताई नेहमी विसरते. किल्ल्यापाशी थोडा वेळ बसला आणि आत जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एसटीत बसेपर्यंत माझ्याशी बोलला नाही आणि त्यानंतर आमच्याकडे कधी खेळायलाही बसला नाही.

"पण ठेवून बघायची गरजच काय होती?" हे बायकोचं. टेकला होता, परत टाक म्हटलं असतं तर कुणी हू की चू केलं नसतं. बरोबर आहे. पण त्या पाटावर आपली लेकही बसली होती. त्याच्या दोन वर्षं आधी मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकायचो आणि सोयीचा आकडा सांगायचो. सगळ्यांना मजा येते, कुणी मरत नाही, यात वाईट काय, असं मला मनापासून वाटायचं. एकदा ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या पाठीमागे आली. फाशावर दोन होते आणि मी सतरा म्हणालो. तेव्हा गप्प राहिली. रात्री पांघरूण घालायला गेलो तर विचारलं, "बाबा, मी तो जावळीतला वाघ मारला, तो पण तुम्हीच मारलात का?"

तो वाघ तिनं खरंच मारला होता. वीस पडले होते. मी शपथ घेतली, पण आधीचा सतरा तिनं डोळ्यांनी बघितला होता, माझी शपथ कोण धरणार? दुसऱ्या दिवशी आडोसा फाडून बंबात घातला. तेव्हापासून फासे सगळ्यांसमोर. मग दोन वर्षांनी, तिच्यादेखत, भाच्यासाठी मी काय करायला हवं होतं?

इथपर्यंत मी स्वतःची बाजू नीट मांडतो. पुढचं मांडता येत नाही.

त्या रात्री माझे दोन मित्रही खेळायला होते. त्यांच्यासमोर मला नियमाचा पक्का माणूस दिसायचं होतं. लाल फासा ठेवताना माझा हात अजिबात थरथरला नाही आणि त्याचं मला बरं वाटलं होतं. हे मी ताईला कधी सांगितलेलं नाही. उलट तिला ऐकवलं की राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते, एप्रिल संपायच्या आत किल्ला मोगलांकडे गेला, त्याचा आझमतारा झाला, म्हणजे खंडू वाचला असता तरी शेवट तोच. दहा वर्षांच्या पोराला किल्ल्याचं काय? त्याला खंडू हवा होता.

आणि ताई, तू प्रश्नच चुकीचा विचारतेस असं मला हल्ली वाटतं. फासा परत टाकायचा की नाही, हे नंतरचं. पोरानं प्रयागजींचं नाव घेतलं, त्याच क्षणी मी म्हणू शकलो असतो, "हो, खंडूपण निघाला, दोन दिवसांनी, एका हातानं माती उकरत." फासा टाक म्हणायची सक्ती मला कुणी केली होती? खेळ चालवणाऱ्यानं फासा मागितला तरच तो टाकायचा असतो. चार पडला तर मला झेपणार नव्हतं, तर मागायचाच नव्हता. हे मी लेकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, आडोसाच की. फक्त पुठ्ठा नाही." तिलाही मला उत्तर देता आलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडायला घेतला, तेव्हा मंगळाईच्या बुरजाच्या मातीत खंडू सापडला. उभाच्या उभा, वीतभर खोल. भाच्यानं झोपायला जाण्याआधी पुरला असणार. पाण्यानं पगडीचा रंग गेला होता, गालावरचा डाग तसाच होता. मी तो धुतला आणि फाशांच्या डब्यात ठेवला. भाच्याला सांगितलं नाही.

भाचा आता अकरावीला आहे. यंदा जेवणं झाल्यावर हात धुता धुता त्यानं आपणहून विषय काढला. "मामा, वरचा लाल फासा जरा हलला होता ना?"

मी म्हटलं, "नाही. घट्ट बसला होता."

"नक्की?"

"मला आठवतं तसं तरी," मी म्हणालो.