ड्रिल सरांची सुरगाठ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला. खरं तर सगळ्याच शिक्षकांवर चार चार ओळी लिहायला हव्यात. पण पंधरा ऑगस्टचा अंक म्हटल्यावर माझ्यापुढे एकच माणूस उभा राहतो, तो म्हणजे ड्रिलचे सर. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत शिकलेल्याला ते सांगावं लागत नाही, आणि जो शिकला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

स्वातंत्र्यदिनाचं भाषण सरांनी कधी केलं नाही. ते काम पाहुण्यांचं. सरांचा पंधरा ऑगस्ट जुलै संपतानाच सुरू व्हायचा, शिडी लावून. स्तंभाच्या टोकाची कप्पी उतरवायची, गंज घासायचा, शिवणयंत्राचं तेल सोडायचं आणि ती पुन्हा चढवायची. दोरीची लांबी स्तंभाच्या उंचीच्या दुप्पट, शिवाय वर चार हात, कारण वीस फुटांच्या स्तंभाला चाळीस फूट दोरी आणली तर बांधायला काही उरत नाही. नायलॉनची दोरी त्यांना चालत नसे. ती गुळगुळीत, फास अर्ध्या वाटेतच सुटतो आणि झेंडा वर पोचायच्या आत उलगडतो. सुती दोरी धरून ठेवते, पण आपल्या बेळगावकडच्या श्रावणात ती भिजून फुगते आणि कप्पीत अडकते. यावर सरांचा तोडगा म्हणजे मेणबत्ती. दोरीवर हातभर हातभर करत मेण चोळायचं, पाणी मुरत नाही.

झेंडा बांधण्याची त्यांची रीत आजही डोळे मिटून करता येईल. चटईवर झेंडा पसरायचा. झेंड्याच्या कडेला शिवलेल्या नळीतल्या दोरीला एका टोकाला लाकडी खिट्टी असते आणि दुसऱ्या टोकाला फास. खिट्टी नेहमी केशरी पट्ट्याकडे. झेंडा उलटा चढतो तो इथे न बघितल्यामुळे. गाठीचा त्यात काही दोष नसतो. मग आडव्या दोन घड्या घालून चारपदरी पट्टी करायची, मोकळ्या टोकाकडून नळीकडे चुण्या घालत आणायच्या, खालच्या दोरीचे त्या गुंडाळीभोवती दोनच वेढे द्यायचे आणि शेवटी दोरीचा दुमडलेला पदर वेढ्याखाली सारायचा. ही सुरगाठ. तिसरा वेढा दिला की पाहुण्यांची फजिती ठरलेली. निरगाठ मारणाऱ्याला सर शिडीखाली उभं करून सगळं पहिल्यापासून बांधायला लावत.

पाकळ्यांवरून एकदा घोटाळा झाला होता. ध्वजसंहितेत झेंड्यात काही ठेवायला मनाई आहे, पण राष्ट्रीय सणाला फडकण्याआधी फुलांच्या पाकळ्या ठेवलेल्या चालतात. त्या वर्षी कुणीतरी हौसेने ओंजळभर झेंडू भरला, तोही ओला आणि देठासकट. पाहुण्यांनी झेंडा वर नेला, झटका दिला, पण झेंडा सुटेना. दुसऱ्या झटक्याला नुसता हिंदकळला. बँडवाली मुलं सरांकडे बघायला लागली. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, पाहुण्यांना हलक्या आवाजात 'खाली घेऊ या' म्हणाले, झेंडा सावकाश उतरवला आणि फासात अडकलेला देठ नखाने काढला. पुन्हा चुण्या, पुन्हा दोन वेढे. तोवर सगळी शाळा सावधानमध्ये. राष्ट्रगीत सुरू झालं ते झेंडा उघडल्यावरच. नंतर कुणाला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षीपासून मात्र झेंडू आदल्या संध्याकाळी सोलला जाऊ लागला. हिरवा भाग टाकायचा, पाकळ्या रात्रभर वर्तमानपत्रावर सुकवायच्या आणि झेंड्यात घालायच्या फक्त मूठभर.

मैदानाची आखणीही संहितेप्रमाणेच. तीन बाजूंना मुलं, चौथ्या बाजूच्या मध्यावर स्तंभ. सगळ्यांत वरचा वर्ग उजव्या टोकाला, दोन रांगांत तीस इंच अंतर, मुख्याध्यापक आणि पाहुणे स्तंभाच्या मागे तीन पावलांवर. फक्की पावसात वाहून जाते म्हणून सर खुंट्या ठोकून सुतळी बांधत. आज्ञा हिंदीत, सेवादलाच्या पद्धतीने. मराठी की कन्नड हा आपल्याकडचा कायमचा प्रश्न निदान त्या अर्ध्या तासात तरी उपस्थित होत नसे. हे सेवादल म्हणजे हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचं स्वयंसेवकांचं दल. १९२३ साली स्थापना झाली आणि १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा तिथली व्यवस्था सांभाळायला त्याचे स्वयंसेवक होते.

सरांनी सांगितलेला इतिहास एवढाच, आणि जोडीला इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा वीर संगोळ्ळी रायण्णा. जन्म १५ ऑगस्ट १७९८, फाशी २६ जानेवारी १८३१, आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. दोन्ही तारखा पुढे देशाच्या झाल्या. या दोन दिवसांतला फरकही ते दोरीवरच दाखवत. ऑगस्टात झेंडा खालून वर चढवायचा, कारण परक्याचा झेंडा उतरून आपला चढला तो हा दिवस. जानेवारीत तो आधीच वर बांधलेला असतो आणि नुसता उलगडायचा. बऱ्याच शाळांत आता दोन्ही दिवशी वरच बांधून ठेवतात. सोपं पडतं म्हणे.

सोपं करण्याची हौस फार वाढली आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरचा, यंत्रावर विणलेला झेंडा चालू लागला. तो स्वस्त, पटकन वाळणारा, मान्य. पण झेंड्याची खादी धारवाडजवळच्या गरगला विणली जाते, झेंडे हुबळीच्या बेंगेरीत शिवले जातात, आणि शंभरएक किलोमीटरवरच्या आपल्या लोकांनी बाजारातला चकचकीत झेंडा आणावा, हे मला पटत नाही. चक्र दोन्ही बाजूंनी नेमकं एकावर एक यावं लागतं; ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या झेंड्यावर त्याचा व्यास १८५. बाजारातल्या झेंड्याला पट्टी लावून बघा. कोटे तलावाकाठचा ११० मीटरचा स्तंभ २०१८ मध्ये उभा राहिला, त्याचा मलाही अभिमान आहे. पण वाऱ्यात कुठल्याही झेंड्याची मोकळी कडा आधी उसवते, आणि ती रोज बघणारा माणूस लागतो.

२०२२ पासून उघड्यावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. तेव्हापासून संध्याकाळी मैदानावर कुणी थांबत नाही असं ऐकतो. सर थांबायचे. झेंडा चढवायचा झपाट्याने आणि उतरवायचा सावकाश, हा नियम. सूर्य मावळताना दोन मुलं हाताशी घेऊन ते झेंडा उतरवत. ओला असेल तर घडी न घालता ऑफिसच्या दोरीवर सावलीत वाळवत, कारण दमट खादीची घडी घातली की आठ दिवसांत काळे ठिपके पडतात. वाळल्यावर केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर दिसेल अशी घडी घालून पेटीत. फाटलेला झेंडा ते पोतेऱ्यात जाऊ देत नसत. शाळा सुटल्यावर, कुणी नसताना, अख्खा जाळत.

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात आता पंधरा ऑगस्टची दोरी मीच बघतो, मेणबत्तीसकट. महोत्सवाच्या ध्वजारोहणासाठी झेंडा बेंगेरीचाच आणावा, १३५० बाय ९०० चा. आपल्या स्तंभाला तोच शोभतो. पैसे मी देतो. कप्पी झिजली असेल तर मापं कळवा, पितळेची ओतून देतो. आणि आदल्या दिवशी दोरी ओढून बघायला कुणालातरी शिडीवर चढवा.