मावशी बोलल्या अन् मला उत्तर देता येईना

मी औसा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. बारावीला हाफ लाइफची, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ निम्मा व्हायला किती वेळ लागतो त्याची, गणितं असतात, पोरं सूत्र टाकतात, उत्तर काढतात, मार्क घेतात, इतकी वर्षं मीही त्याच्या पुढं गेलो नव्हतो. गेल्या वर्षी एका शनिवारी पोरांना चेर्नोबिलवरची, म्हणजे सोव्हिएत युनियनमधल्या अणुवीज केंद्राच्या अपघातावरची, एक डॉक्युमेंटरी दाखवली.

कविताच होती ती. माहिती सांगणारं कुणी नाही, नुसत्या रिकाम्या खोल्या, शाळेत पडलेल्या वह्या, आणि वरून बायका आपापल्या माणसांबद्दल हळू आवाजात बोलतायत. सबटायटल इंग्लिशमधी, म्हणून मी उभा राहून मराठीत सांगत होतो. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चार नंबरची अणुभट्टी फुटली, आग विझवायला गेलेल्यांना कशाची आग आहे हे धड सांगितलेलंही नव्हतं, आणि शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या जवळपास पन्नास हजार लोकांना दीड दिवसानं बसमधी बसवलं, तीन दिवसांत परत याल म्हणून. एक बाई म्हणते, दवाखान्यात मला नवऱ्याला हात लावू देईनात. तिथं माझाच आवाज बसला, फिल्म थांबवली.

मग फळ्यावर आयोडीन-१३१ लिहिलं, भट्टीतून बाहेर पडलेला किरणोत्सर्गी पदार्थ, हाफ लाइफ ८ दिवस. गवतावर पडलं, गाईनं खाल्लं, दुधात उतरलं, लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉइडमधी जाऊन बसलं. २००५ पर्यंत तिकडं लहानपणी हे सोसलेल्यांमधी थायरॉइड कॅन्सरच्या सहा हजारांवर केसेस निघाल्या, त्यातल्या बऱ्याच ह्या दुधामुळं. एक पोरगी वहीत आकडे मांडत होती, म्हणली, "सर, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा राहतो. म्हणजे तीनेक महिने ताजं दूध बंद ठेवलं असतं तर?"

चहा घेऊन आलेल्या आमच्या मावशी दारात थांबून हे सगळं ऐकत होत्या. मावशी किल्लारीकडच्या. १९९३ ला विसर्जनाच्या रात्री, पहाटं चारच्या सुमाराला, त्यांची दोन लेकरं भूकंपात माळवदाखाली गेली. आम्ही कधी त्यांच्यापुढं तो विषय काढत नाही.

"मंग त्या बायांना कुनी सांगितलं न्हाई का, सर?"

मी सांगितलं, मावशी, लई गावांत वेळेवर नाही सांगितलं. स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात कामगाराच्या बुटाला किरणोत्सर्ग सापडला, त्यांनी सोव्हिएत सरकारकडं विचारणा केली, तवा कुठं २८ तारखेला रात्री सोव्हिएत टीव्हीवर चार ओळी आल्या.

"म्हंजी आईनंच आपल्या हातानं पाजलं की ओ." ट्रे तसाच हातात. मग जरा थांबून म्हणल्या, "आमच्या किल्लारीत कुनालाच म्हाईत नव्हतं, सर. ह्येन्ला तर म्हाईत व्हतं."

फिल्म अजून वीस मिनिटं बाकी होती. मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला, पहिल्या बाकावर पोरींच्या शेजारी बसल्या, आणि म्हणल्या लावा.