गांधीनगरला जाऊन कापड न घेता

कोल्हापुरात तीन दिवस होते. पन्हाळा, रंकाळा, दोनदा मिसळ. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते 2 नोव्हेंबरच्या दुपारचं.

पोलिश कबरी बघायच्या म्हटल्यावर मावशी म्हणाली, "आधी वळिवडं बघ." रिक्षावाल्यानं विचारलं, "गांधीनगर काय? लगीन हाय व्हय घरात?" वळिवड्याच्या त्या जागी आता गांधीनगर; तिकडं माणूस कापड घ्यायलाच जातो. पण 1943 ते 1948 या काळात इथल्या छावणीत पाचेक हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका-मुलं. स्टालिनच्या राजवटीनं 1940 पासून त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेलं. तिथून सुटून ते इराणमार्गे इथं पोचले. कितीजणींचे नवरे, भाऊ जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात लढत होते.

आता साड्यांचे गठ्ठे आणि टेम्पो. आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. फाळणीनंतर इथं आलेले सिंधीही निर्वासितच. त्यांनी पोट भरायचं सोडून माझ्यासाठी बराकी जपायच्या होत्या काय?

मग पोलिश कबरींच्या दफनभूमीकडं गेलो, तर फाटकाला कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला. पाऊण तास उन्हात उभं राहून मी मनातल्या मनात बरंच काही बोलले, तेही मृतांच्या दारात.

आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट. गेलेला माणूस प्रभूच्या हाती, त्याच्यासाठी प्रार्थना करायची नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. पोलिश लोक कॅथलिक. आजच्या दिवशी ते कबरींवर दिवे लावतात. म्हणून पर्समध्ये मेणबत्ती होती. मावशीला सांगितलं नव्हतं.

युद्धात पडलेल्यांसाठी योहानातलं ते वचन हमखास वाचतात: मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही. आजीच्या भावासाठीही वाचलं होतं. तो 1944 साली इटलीत पडला. त्याच वर्षी मे महिन्यात अँडर्सच्या सैनिकांनी तिथली माँते कॅसिनोची मठाची टेकडी घेतली. त्यांच्या दफनभूमीत कोरलंय, की आम्ही आत्मा देवाला दिला, देह इटलीच्या मातीला, हृदय पोलंडला.

पण वळिवड्यात वारलेल्या बाईनं काय दिलं? तिला कुणी विचारलंच नव्हतं. नावं मला धड वाचता येईनात, क्रूस तेवढा कळत होता. ते वचन इथं काही केल्या बसेना. मग त्याच योहानात चार अध्याय पुढची येशूची आई आठवली. क्रुसाजवळ उभी आहे. एक शब्द बोलत नाही. आमची पणजी अशीच, तार येऊन वर्ष झालं तरी पोस्टमनची सायकल दिसली की उंबऱ्यापर्यंत यायची.

वाऱ्यानं तीन काड्या विझवल्या. चौथीला मावशीनं पदर आडवा धरला.

"प्रार्थनाबिर्थना करू नकोस हं," म्हणाली, "पाळकांना कळलं तर..."

पण पदर काही काढेना.