शिट्टीविना घेतलेला तास

दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी गेली एकोणीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवत आहे. आमचे मैदान म्हणजे सड्यावरचा उघडा कातळ. जांभ्याच्या त्या खडबडीत पृष्ठभागावर पडले की गुडघ्याची साल निघते, आणि पावसाळ्यात त्यावर असे शेवाळ धरते की धडधाकट मुलांनाही तिथे पळवण्याचे धाडस होत नाही. या मैदानाच्या कडेला, शाळेच्या व्हरांड्यात, व्हीलचेअरवर बसून एक मुलगा पाचवीपासून आठवीपर्यंत वर्गाच्या चपला आणि मनगटी घड्याळे सांभाळत होता.

त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याची अवस्था, आहे आणि तिचा परिणाम पायांबरोबर दोन्ही हातांवरही झालेला आहे. गणितात तो वर्गातल्या पहिल्या पाचांत असतो. मात्र बोलताना शब्द बाहेर पडायला वेळ लागतो आणि ऐकणाऱ्याला थांबावे लागते. शारीरिक शिक्षणात मी त्याला दरवर्षी ‘ब’ श्रेणी देत असे. जो मुलगा माझ्या तासाला एकदाही खेळला नव्हता त्याला श्रेणी देताना आपण मोठ्या मनाने वागत आहोत, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. त्याच्या वर्णनात्मक नोंदीत मी लिहिले होते, ‘मैदानाजवळ आणल्यास अस्वस्थ होतो.’ लागोपाठ तीन वर्षे मी हेच वाक्य लिहिले.

शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरील गट साधन केंद्राकडून आमच्या शाळेला भेट देणाऱ्या विशेष शिक्षिकेने दिवाळीनंतर मला सरळ विचारले, “सर, हा तुमच्या तासाला काय खेळतो?” तो बघतो, असे मी सांगितले. त्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील शिक्षणाचे कलम मला दाखवले. त्यात शाळांनी अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि मनोरंजनाचीही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ते कलम वाचलेले नव्हते. त्याच बैठकीत त्यांनी बोच्चा या खेळाची माहिती दिली. हा खेळ 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि तो मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठीच विकसित झाला. आपल्या गोट्यांच्या खेळाशी त्याचे नाते लगेच ध्यानात येते. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा आणि मग एकाने सहा लाल, दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ पोहोचवायचे. ज्याला हाताने चेंडू फेकता येत नाही तो उतरत्या नळीवरून सोडतो. ती नळी हलवायला त्याला मदतनीस मिळतो, पण मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचे आणि मागे वळून पाहायचे नाही, असा कडक नियम आहे. निर्णय सगळा खेळाडूचा, मदतनीस केवळ त्याचे हात.

नियमातल्या चेंडूचे वजन 275 ग्रॅम आणि परीघ 270 मिलिमीटर असतो. रिक्षाच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या कारागिराकडून मी त्या मापाच्या रेक्झिनच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि वाण्याच्या काट्यावर तांदूळ मोजून त्यांत भरले. तांदळाने पिशवी जवळजवळ नेमकी भरते हे पाहून मला फार समाधान वाटले. नळी म्हणून छपराच्या पन्हळीचा एक तुकडा घेतला आणि तो लाकडी घोडीवर बसवला.

प्रश्न उरला जागेचा, आणि त्याचे उत्तर समुद्राने दिले. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते आणि तीवर पडले तरी लागत नाही. आमच्याकडे तिथीचा आकडा पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास. जानेवारीत शनिवारच्या सकाळच्या शाळेला संकष्टी येत होती. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आणि पालकांना चिठ्ठ्या पाठवून मी आठवीचा अख्खा वर्ग किनाऱ्यावर नेला. हर्णै बंदरात मासळी निवडायला जाणारी त्याची आई त्या दिवशी कामावर न जाता आमच्याबरोबर आली. कोरड्या वाळूत व्हीलचेअरची पुढची लहान चाके रुतू लागली, तेव्हा खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यायची युक्ती तिनेच सांगितली.

साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असे मैदान मुलांनी काठीने वाळूत आखले. वर्गातला सर्वांत वेगवान धावपटू मदतनीस म्हणून पाठ करून बसला. खुर्चीतला मुलगा कितीतरी वेळ पांढऱ्या चेंडूकडे पाहत राहिला, मग त्याने एकेक शब्द करत पन्हळ डावीकडे सरकवून घेतली, थोडी उजवीकडे आणवली आणि उजव्या हाताचे कोपर चेंडूमागे टेकवले. सगळे तयार आहे असे पाहून मी एकोणीस वर्षांच्या सवयीने शिट्टी वाजवली.

त्याचे दोन्ही हात ताठ होऊन फेकल्यासारखे बाहेर गेले, मान मागे गेली, घोडी आडवी पडली आणि चेंडू वाळूत घरंगळला. फिट आली असे समजून मी धावलो. त्याची आई मात्र घाबरली नाही. तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला, शरीर सैल पडेपर्यंत थांबली आणि मग मला म्हणाली, “सर, शिट्टी नको. घरी कुकरची शिट्टी झाली तरी त्याचं असंच होतं.”

तान्ह्या बाळाजवळ भांडे पडले की ते दचकून हात पसरते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ती प्रतिक्रिया साधारण सहा महिन्यांत ओसरते; परंतु मेंदूला इजा झालेल्या काही मुलांमध्ये अशा प्रकारचे दचकणे पुढेही टिकते, अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने स्नायू एकदम आखडतात आणि त्यावर मुलाचा ताबा नसतो. ही माहिती विशेष शिक्षिकेने मला नंतर नीट समजावून दिली. पण किनाऱ्यावर त्या क्षणी मला एवढेच आठवले की व्हरांडा मैदानाला लागून आहे, एका तासिकेत मी वीस-पंचवीस वेळा शिट्टी वाजवतो, आणि चार वर्षे हा मुलगा माझ्यापासून दहा पावलांवर बसलेला होता. ‘मैदानाजवळ आणल्यास अस्वस्थ होतो.’ ते अस्वस्थपण मैदानाचे नव्हते, माझ्या शिट्टीचे होते, आणि मी ते त्याच्या नावावर लिहून ठेवले होते. त्याला हे कधी कोणी विचारले नाही, आणि त्याच्या आईला शाळेत बोलावून घरी काय घडते हे मीही कधी विचारले नव्हते.

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. हात वर करून खाली आणणे ही नवी खूण ठरली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

मधल्या वेळात बाकीची मुले भुसभुशीत वाळूत कोलांट्या मारू लागली. डाऊन सिंड्रोम ही जन्मजात अवस्था असलेली वर्गातली एक मुलगीही डोके टेकवून उलटी होण्याच्या बेतात होती. तिला मी तातडीने थांबवले. या मुलांपैकी काहींच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय मानेवर भार येणारी कोलांटी किंवा शीर्षासन त्यांच्याकडून करवून घेऊ नये, हे मला माहीत होते. तिला मी लांब उडीसाठी वाळू उकरून दिली आणि तिच्या आईवडिलांशी तपासणीबद्दल बोलायचे ठरवले. खेळू देणे आणि थांबवणे हे दोन्ही निर्णय मुलाची नीट माहिती करून घेऊनच घ्यायचे असतात. मी त्या मुलाला चार वर्षे केवळ दया वाटल्यामुळे बसवून ठेवले होते.

दुसऱ्या डावात त्याचा तिसरा लाल चेंडू पांढऱ्याला जाऊन चिकटला. मदतनीस पाठ करून विचारत राहिला, “लागला का रे? सांग ना!” मुले उत्तर देणार होती, पण मी हातानेच त्यांना थांबवले. त्याचे ओठ हलत होते, आनंदाने शरीर पुन्हा ताठ झाले होते आणि शब्द येत नव्हता. पस्तीस मुले त्या ओल्या वाळूत गप्प उभी राहिली. अखेर तो म्हणाला, “लागला.” त्याची आई आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहत उभी राहिली.

तो सामना तो दोन गुणांनी हरला. साडेदहानंतर पाणी चढू लागले आणि आखलेल्या रेघा पुसल्या गेल्या. परतताना मी त्याच्या खुर्चीबरोबर चालत होतो. त्याला काही सांगायचे आहे असे दिसल्यावर थांबलो. पुढची चतुर्थी पंधरा दिवसांनी येते, हे त्याने मनाशी मोजून ठेवले होते; त्या दिवशी शनिवार नसेल, तर तासिका बदलून घ्यावी असे त्याचे म्हणणे होते. शिवाय मदतनीस बदलून हवा, कारण आत्ताच्याने दोनदा मागे वळून पाहिले आणि ते नियमात बसत नाही, अशी त्याने माझ्याकडे रीतसर तक्रार केली. तक्रार खरी होती. मी ती मान्य केली आणि सोमवारी मुख्याध्यापकांकडे वेळापत्रक बदलण्याचा अर्ज दिला.