कॅपच्या कडेची हिरडी

खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल करून कॅप बसवली, त्याला तीनेक वर्षं झाली. दाढ कधी दुखली नाही. कडेची हिरडी मात्र सुजायची आणि ब्रश लावला की थुंकी लाल. आईने तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, मी टूथपेस्ट बदलली, वर्ष गेलं. हिरडी फुगून कॅपवर चढायला लागली तेव्हा कुठे हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दातामधल्या फटीत घालत, ती किती खोल जाते त्याचे आकडे त्या सांगू लागल्या, "तीन, तीन, सहा, पाच..." मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीनपर्यंत ठीक, पुढचं वाईट. एक्स-रेत हाड शाबूत होतं, पण कॅपची कड पायरीसारखी बाहेर आलेली आणि तिच्याखाली कॅप चिकटवायच्या जुन्या सिमेंटचा खडा. "हिरडी बिचारी काय करेल, तिला रोज बोचतंय," डॉक्टर म्हणाल्या.

मला वाटलं, आता लगेच लेझरने हिरडी कापणार. तसं नाही. आधी साफसफाई करून सिमेंट काढलं आणि महिनाभर थांबवलं. मला डायबेटिस आहे, म्हणून एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट मागितला. सूज निम्मी उतरली. वाढलेली हिरडी उरली, तेवढीच कापायची.

भूल चढल्यावर त्यांनी तीच सळई हाडाला टेकवून मोजलं. कॅपच्या कडेपासून हाड तीनेक मिलिमीटर तरी लांब हवं. नसेल तर हाडही कोरावं लागतं, आणि ते हिरडी कापायच्या या डायोड लेझरचं काम नाही. माझं चार भरलं. हुश्श!

मग सगळ्यांनी रंगीत चष्मे चढवले, मलाही दिला. पेनासारख्या दांड्याच्या टोकाला केसाएवढी तार, मशीनचं बीप-बीप आणि केस जळल्यासारखा वास. दुखलं नाही, पण आपलंच काहीतरी जळतंय हे नाकाला कळत होतं. पंधरा मिनिटांत काम झालं, रक्त जवळजवळ नाही, टाकेही नाहीत.

संध्याकाळी भूल उतरल्यावर चुरचुरलं. तिसऱ्या दिवशी जखमेवर पिवळट थर दिसला. पू झाला म्हणून घाबरून फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "खपलीच आहे ती, खरवडू नका." आठवडाभर ताक-भात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी चहाची चवच गेली, त्याचा राग जास्त.

लेझर लेझर म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण खरी कटकट पुढेच होती. कड तशीच ठेवली तर हिरडी पुन्हा सुजणार. म्हणून जुनी कॅप कापून काढली, काही आठवडे तात्पुरती घातली, मग झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची नवी. खर्चही लेझरपेक्षा कॅपचाच जास्त. हिची कड हिरडीत न खुपसता वरच ठेवली आहे. तोंड मोठं उघडलं की रेघ दिसते, असं नवरा म्हणतो. दाढेत कोण बघायला येतंय? रात्री तिथून छोटा ब्रश फिरवते, तो पांढराच बाहेर येतो.