जीपीएस पार्सर: ओळ अख्खी हातात येईपर्यंत

अर्डुइनो उनो बोर्डवरच्या जीपीएस लॉगरचा (ठिकाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा) वाचनाचा भाग आता पक्का झालाय. सगळी रचना एकाच गोष्टीवर उभी आहे: संदेशाची वाट बघत कुठेही थांबायचं नाही. आलेलं अक्षर उचलायचं, ठेवायचं आणि लूप पुढे न्यायचा.

आलेला मजकूर एकत्र वाचून देणारं अर्डुइनोचं तयार फंक्शन, रीडस्ट्रिंग, इथे मुळीच चालत नाही. नवं अक्षर यायचं थांबल्यावर ते आणखी 1000 मिलिसेकंद वाट बघतं, मग परततं. जीपीएस मात्र दर सेकंदाला ओळींचा नवा जथा पाठवतो. मधली शांतता सेकंदभराची नसतेच, त्यामुळे फंक्शन परत येत नाही आणि उनोच्या 2 केबी रॅममध्ये स्ट्रिंग (साठलेला मजकूर) फुगत राहते.

9600 बॉडला (सेकंदाला 9600 बिट) एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून 10 बिट, म्हणजे साधारण 1.04 मिलिसेकंद लागतात. आलेली अक्षरं वाचेपर्यंत साठवणारा 64 बाइटचा बफर 67 मिलिसेकंदांत भरतो. म्हणून लूपमध्ये कुठेही डिले(100), म्हणजे 100 मिलिसेकंदांचा थांबा, ठेवला की अक्षरं गळणार, हे लिहूनच ठेवा. उलट बघितलं तर 16 मेगाहर्ट्झला दोन अक्षरांमध्ये सोळा हजारांहून जास्त क्लॉक सायकल हाताशी असतात. वेळ भरपूर आहे, फक्त अडवून बसायचं नाही.

ओळ वाचणारं स्टेट मशीन (आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे लक्षात ठेवणारी रचना) तीन अवस्थांचं आहे. डॉलरचं चिन्ह दिसेपर्यंत सगळं सोडून द्यायचं. ते दिसलं की इंडेक्स (अ‍ॅरेतली पुढची जागा) शून्य, चेकसमही (ओळ बिनचूक आली का हे तपासायचा आकडा) शून्य. मग ताऱ्यापर्यंत प्रत्येक अक्षर अ‍ॅरेत टाकायचं आणि चेकसमशी एक्सऑर (बिटशः तुलना) करायचं. ताऱ्यानंतरचे दोन हेक्स अंक चेकसमशी जुळले तरच ओळ पार्सरकडे (तिचे तुकडे करणाऱ्या भागाकडे) जाते. मध्येच दुसरा डॉलर आला तर आधीचं टाकून नव्याने सुरुवात. एनएमईए या जीपीएसच्या ठरलेल्या साच्यातली ओळ जास्तीत जास्त 82 अक्षरांची असते, म्हणून अ‍ॅरे 83 चा, आणि इंडेक्स तिथे पोचला की ओळ रद्द. ही मर्यादा तपासणं कुणीही गाळू नये.

खरी गंमत स्वल्पविरामांमध्ये आहे. फिक्स (ठिकाण निश्चित होणं) मिळण्याआधी जीजीए ओळीत, म्हणजे ठिकाण सांगणाऱ्या ओळीत, अक्षांश-रेखांशाच्या जागा रिकाम्या असतात, नुसते ओळीने स्वल्पविराम. ओळीचे तुकडे करणारं सीचं तयार फंक्शन एसटीआरटॉक लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतं, त्यामुळे पुढची सगळी फील्ड्स सरकतात आणि फिक्स नाही असं सांगणारा 0 अक्षांशाच्या जागी जाऊन बसतो. ओळ निर्दोष, चेकसम बरोबर, तरी उत्तर चूक! म्हणून मी पॉइंटर फिरवून प्रत्येक स्वल्पविरामावर शून्य-बाइट (मजकूर संपल्याची खूण) ठेवतो आणि पुढच्या फील्डचा पत्ता नोंदवतो. रिकामं फील्ड रिकामंच राहतं.

आकड्यांसाठी फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) टाळलाय. 4530.6000 म्हणजे 45 अंश 30.6 मिनिटं, अर्थात 45.51 अंश. उनोच्या एव्हीआर चिपवर डबल हा मोठा दशांश प्रकारही 32 बिटचाच असतो, आणि 12030.6000 सारखा रेखांश जसाच्या तसा त्यात भरला तर दोन लगतच्या किमतींत जवळपास हजारांश मिनिटाचं अंतर पडतं, विषुववृत्तावर सुमारे 1.8 मीटर. त्याऐवजी अंश आणि मिनिटं वेगळी काढून अंशाचा कोट्यंश या एककात लाँगमध्ये (32 बिटच्या पूर्णांकात) ठेवतो. 180 अंशही त्यात आरामात मावतात.

आता आरएमसी ही दुसऱ्या प्रकारची ओळ घ्यायचीय. ओळीच्या नावाच्या सुरुवातीला जीपी ऐवजी जीएन पाठवणारी मॉड्यूल्सही चालावीत म्हणून ओळख नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांवरूनच करणार आहे.